मशीनवरच्या प्रिंटेड वर्क इन्स्ट्रक्शन: स्टॅम्प मारायचा, टॅबलेट लावायचा की कागद बंदच करायचा?

तुमचा प्रश्न मला समजला तसा आधी परत मांडतो. भोसरीत साठेक माणसांचं मशीन शॉप, आयएसओ ९००१ (क्वालिटी मॅनेजमेंटचं आंतरराष्ट्रीय स्टँडर्ड) आहे, सर्व्हेलन्स ऑडिटमध्ये (सर्टिफिकेट चालू ठेवण्यासाठीचं ऑडिट) एका ड्रिलिंग मशीनवर वर्क इन्स्ट्रक्शनची (डब्ल्यूआय, म्हणजे काम कसं करायचं ते सांगणारा कागद) रिव्हिजन २ लावलेली सापडली आणि सर्व्हरवर रिव्हिजन ४ होती, म्हणून मायनर एनसी (नॉन-कन्फॉर्मिटी, म्हणजे स्टँडर्डमध्ये न बसणारी किरकोळ त्रुटी) आली. त्या कागदाच्या तळाला तुम्हीच छापलेलं होतं, ‘प्रिंट काढल्यास अनकंट्रोल्ड’, म्हणजे ही प्रत चालू रिव्हिजनची आहे याची हमी नाही. आता कन्सल्टंट म्हणतोय लाल शाईचा ‘कंट्रोल्ड कॉपी’ स्टॅम्प करून घ्या आणि प्रत्येक कागदाची रजिस्टरला नोंद ठेवा, मालक म्हणताहेत कागदाची कटकटच नको, टॅबलेट लावा, आणि एनसीचं उत्तर मात्र तुम्हाला द्यायचंय. शिवाय जुन्या रिव्हिजन किती वर्षं ठेवायच्या हेही विचारलंय.

मी मशीन शॉपच्या क्वालिटीत बरीच वर्षं काढली, आता सप्लायर ऑडिट करत फिरतो, त्यामुळे हा प्रकार टेबलाच्या दोन्ही बाजूंनी बघितलाय. माझं मत सरळ सांगतो, दोघंही अर्धं बरोबर बोलताहेत आणि दोघांचाही उपाय एकटा लावला तर पुढच्या वर्षी हीच एनसी परत येईल.

कारण इथे दोन प्रश्न एकात मिसळलेत. एक, ऑपरेटरच्या समोरचा कागद आजचा आहे की जुना हे त्याला कसं कळणार. दुसरा, डब्ल्यूआय बदलली की तिच्या प्रिंट कुठे कुठे लागल्यात हे तुम्हाला कसं कळणार. स्टॅम्प मारल्याने यातलं काहीच कळत नाही, रिव्हिजन २ वर स्टॅम्प मारलेला असता तर तो ‘कंट्रोल्ड’ लिहिलेला जुना कागद झाला असता, बस. माझ्या मते तुमची अडचण दुसऱ्या प्रश्नात आहे, आणि तो सुटला की पहिला बऱ्यापैकी आपोआप सुटतो.

आधी स्टँडर्ड काय म्हणतं ते बघू, कारण स्टँडर्डच्या नावावर बरंच काही खपवलं जातं. ९००१:२०१५ मध्ये हा विषय ७.५.३ ला आहे. डॉक्युमेंट जिथे लागेल तिथे आणि लागेल तेव्हा मिळालं पाहिजे, वापरायच्या लायकीचं असलं पाहिजे, त्याची सुरक्षितता बघितली पाहिजे, मग वाटप, उपलब्धता, साठवण, वाचता येण्यासारखी अवस्था, बदलांवर कंट्रोल, किती काळ ठेवायचं आणि नंतर काय करायचं, एवढंच. लाल शाई नाही, रजिस्टर नाही, ‘कंट्रोल्ड कॉपी’ हे शब्दही नाहीत. २००८ च्या आवृत्तीत ४.२.३ ला डॉक्युमेंट कंट्रोलची लेखी प्रोसिजर कंपल्सरी होती, आणि स्टॅम्पची सवय त्याच्याही आधीची, पण तेव्हासुद्धा स्टॅम्पच मारा असं कुठे लिहिलेलं नव्हतं. जुना कागद चुकून वापरला जाऊ नये आणि कशासाठी ठेवलाच तर त्यावर तशी खूण असावी, एवढीच मागणी होती.

स्टॅम्प लाल का असायचा हे आता बऱ्याच जणांना माहीत नसतं. झेरॉक्स काळी-पांढरी यायची, त्यामुळे कोणी कंट्रोल्ड कॉपीची झेरॉक्स काढली की स्टॅम्प काळा दिसायचा आणि लगेच कळायचं की ही ओरिजिनल नाही. आयडिया चांगली होती, पण आज प्रत्येक ऑफिसात कलर प्रिंटर आहे आणि प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा. त्यामुळे तुमच्याकडे कलर प्रिंटर कोणाकोणाच्या हाताशी आहे यावर स्टॅम्पचा उपयोग अवलंबून आहे. एकाच टेबलावर असेल आणि तो टेबल तुमचा असेल तर अजूनही चालतो.

आता तळाच्या त्या ओळीबद्दल. ‘प्रिंट काढल्यास अनकंट्रोल्ड’ ही ओळ ऑफिसमधल्या प्रोसिजरसाठी ठीक आहे, परचेसची प्रोसिजर कोणी वाचायला प्रिंट काढली आणि नंतर फेकली, कोणाचं काही बिघडत नाही. पण तीच ओळ असलेला कागद मशीनवर लावून त्यावरून माल काढायचा म्हणजे आपणच लिहून देतोय की आमचं प्रॉडक्शन अनकंट्रोल्ड कागदावर चालतं. ऑडिटरला फार हुशारी करावी लागत नाही, तो ऑपरेटरला एवढंच विचारतो, काम कशावरून करतोस? ऑपरेटर बोट दाखवतो, ऑडिटर तळाची ओळ वाचतो, विषय संपला. डब्ल्यूआयच्या टेम्प्लेटमधून ती ओळ आजच काढा.

तिच्या जागी काय लिहायचं ते महत्त्वाचं आहे. मी लोकांना सांगतो, कागदाला पत्ता द्या. तळाला डॉक्युमेंट नंबर, रिव्हिजन, तारीख तर असतेच, त्याच्यापुढे ‘कॉपी २, एकूण ३, जागा: व्हीएमसी ३’ (व्हर्टिकल मशीनिंग सेंटर, मशीन नंबर ३) एवढं छापा. आणि मास्टर लिस्टमध्ये (सगळ्या डॉक्युमेंटची आणि त्यांच्या चालू रिव्हिजनची यादी) त्याच डब्ल्यूआयच्या ओळीत एक कॉलम वाढवा, कुठे कुठे लावलीय. वेगळं रजिस्टर लागत नाही, ती एक्सेल शीट हेच तुमचं रजिस्टर. फायदा असा की व्हीएमसी ३ चा कागद व्हीएमसी ५ वर लटकलेला दिसला तर स्वीपरलासुद्धा कळेल काहीतरी चुकलंय, त्यासाठी रिव्हिजन माहीत असायची गरज नाही. आणि रिव्हिजन बदलली की लिस्ट उघडली, तीन जागा दिसल्या, तीन प्रिंट काढल्या, तीन ठिकाणी जाऊन लावल्या.

यात एक नियम मोडायचा नाही. गॅस सिलिंडरसारखं, रिकामा दिल्याशिवाय भरलेला नाही. जुना कागद हातात आल्याशिवाय नवा लावायचा नाही आणि हे काम एकाच माणसाने करायचं, म्हणजे डॉक्युमेंट ज्याच्याकडे आहेत त्याने स्वतः किंवा त्याच्या सुट्टीत ठरलेल्या दुसऱ्याने. ‘सुपरवायझरकडे दिले, ते लावतील’ इथेच सगळं सुटतं, सुपरवायझर नवा कागद ड्रॉवरमध्ये ठेवतो, डिस्पॅचची बोंब असते, नंतर लावू म्हणतो, आणि महिनाभराने ड्रॉवरमध्ये रिव्हिजन ४ आणि मशीनवर रिव्हिजन २ अशी परिस्थिती. तुमच्याकडे बहुतेक हेच झालं असणार, ड्रॉवर एकदा उघडून बघा.

परत आलेल्या जुन्या कागदांचं काय करायचं, तर फाडायचं. तुम्हाला हसू येईल पण पाठकोरा कागद म्हणून ते रफ कामाला वापरू नका. एका शॉपमध्ये इन्स्पेक्टरने रीडिंग लिहायला पाठकोरे गठ्ठे वापरले होते आणि एक पान उलटं होऊन टेबलावर पडलेलं, मागच्या बाजूला जुनी डब्ल्यूआय, फोटोसकट, व्यवस्थित वाचता येईल अशी. पर्यावरणाचं भान चांगलं आहे पण ते परचेस ऑर्डरच्या कागदांवर दाखवा.

आता थोडं मशीनजवळ जाऊ. तुम्ही लिहिलंय की सगळ्या डब्ल्यूआय लॅमिनेट केल्यात. मला लॅमिनेशन फारसं आवडत नाही. कूलंटपासून वाचवतं म्हणतात, पण कडा कापलेली असली की तिथूनच कूलंट आत शिरतो, दोन महिन्यांत कागदाचा खालचा कोपरा पिवळा पडतो, शाई पसरते, आणि नेमकी तळाला छापलेली रिव्हिजन वाचता येत नाही. दुसरं म्हणजे लॅमिनेट केलेला कागद बदलायला जिवावर येतं. एका शब्दाचा बदल असेल तर माणूस म्हणतो जाऊ दे, परत लॅमिनेशनला कोण देणार. आणि तिसरं, लॅमिनेशनवर मार्करने छान लिहिता येतं. वरून उघडा असलेला ॲक्रिलिकचा स्टँड किंवा जाड प्लास्टिकचा पॉकेट मशीनच्या पॅनलच्या बाजूला, जिथे कूलंट उडत नाही तिथे लावा, कागद मिनिटात बदलतो. रिव्हिजन नंबर तळाला न टाकता वर उजव्या कोपऱ्यात मोठा छापा. लॅमिनेशन ठेवायचंच तर सेफ्टीच्या सूचना आणि डिफेक्टचे फोटो यांना ठेवा, ते वर्षानुवर्षं बदलत नाहीत.

मार्करचा विषय निघालाच आहे तर त्यावर जरा थांबतो, कारण सगळ्यात जास्त शिकण्यासारखं मला तिथेच सापडलंय. एका टर्निंग सेंटरवरचा कागद मला अजून डोळ्यासमोर दिसतो. फीड (टूल दर फेरीला किती सरकतं ते) ०.१५ छापलेलं, त्यावर निळ्या मार्करने काट, बाजूला ०.१२, त्याच्यावर परत काट आणि ०.१, खाली ‘इन्सर्ट नवीन असेल तरच’ (इन्सर्ट म्हणजे टूलचं बदलता येणारं पातं). सही नाही, तारीख नाही. सेटरला (मशीन सेट करणाऱ्याला) विचारलं तर म्हणाला, ‘‘साहेब, छापलेला नंबर बघायचा नाही, सगळ्यात शेवटी लिहिलेला बघायचा. सगळ्यांना माहितेय.’’ आता इथे सेटरला झापणं सोपं आहे. पण त्याने लिहिलेलं बरोबर होतं, छापील फीडला सरफेस फिनिश येतच नव्हता, नवीन ग्रेडचा इन्सर्ट आला होता. त्याने हे वर कळवलंही होतं. डब्ल्यूआय बदलायला प्रोडक्शन मॅनेजर, क्वालिटी हेड आणि प्लँट हेड अशा तीन सह्या लागत होत्या आणि प्लँट हेड दुसऱ्या युनिटला बसायचे.

म्हणून माझं ठाम मत आहे, कागद हाताबाहेर जातो तो ऑफिशियल बदलाचा रस्ता लांब असतो म्हणून. डब्ल्यूआयसाठी प्रोसेसवाल्याने लिहिली, क्वालिटीने बघितली, दोन सह्या पुरे, आणि मागणी आल्यापासून दोन-तीन दिवसांत नवी प्रिंट मशीनवर. त्या दोन-तीन दिवसांसाठी हाताने लिहिलेली दुरुस्ती चालू द्या, पण नियमात बसवून: एकच काट, बाजूला नवी किंमत, ठरलेल्या माणसाची सही, तारीख आणि कधीपर्यंत चालेल ती तारीख. आठवडा पुरे. आठवड्याने ती एकतर रिव्हिजनमध्ये गेली पाहिजे नाहीतर कागदावरून गेली पाहिजे. अशी पेनची दुरुस्ती प्रोसिजरमध्ये लिहिलेली असेल तर ऑडिटर काही म्हणत नाही, लिहिलेली नसेल तर तेच खाडाखोड ठरते. एक मर्यादा मात्र पाळा, ड्रॉइंगची साइझ किंवा टॉलरन्स सेटरच्या पेनने बदलायचा नाही, त्याला कस्टमर लागतो. आणि कंट्रोल प्लॅनमधली (काय, कसं, किती वेळा तपासायचं त्याचा तक्ता) तपासणीची पद्धत बदलत असाल तर तो वेगळा विषय आहे, आयएटीएफ १६९४९ (वाहन उद्योगाचं क्वालिटी स्टँडर्ड) वाल्या कस्टमरला माल जात असेल तर पर्यायी पद्धतीसाठी ८.५.६.१.१ बघा.

यावरून अजून एक. तुमच्या डब्ल्यूआयमध्ये साइझ छापलेल्या असतात का? एकच बोअरची (भोकाची) साइझ ड्रॉइंगवर, कंट्रोल प्लॅनमध्ये, इन्स्पेक्शन शीटवर आणि डब्ल्यूआयवर अशी चार ठिकाणी असेल तर ड्रॉइंग बदललं की चार कागद बदलायचे आणि चौथा राहणारच. मी साइझ एकाच ठिकाणी ठेवायला सांगतो, मशीनवरच्या इन्स्पेक्शन शीटवर. डब्ल्यूआयमध्ये लिहायचं की अमुक नंबरच्या प्लग गेजने (भोकाची साइझ तपासायचं दोन टोकांचं गेज) बघा, गो साइड पूर्ण गेली पाहिजे, नो-गो जाता कामा नये, पाच नगांमागे एक. यावर मतभेद आहेत हे मान्य, काही जण म्हणतात ऑपरेटरला सगळं एकाच कागदावर दिसलं पाहिजे. तुमच्याकडे पार्ट कमी आणि बदल क्वचित असतील तर त्यांचंही चालेल. पण बदल वारंवार असतील तर जितकी माहिती दोनदा छापाल तितक्या जुन्या कागदांना जन्म द्याल.

आणि मुळात प्रत्येक कामाला डब्ल्यूआय लागते का हेही विचारा. ९००१ मध्ये ८.५.१ ला ‘लागू असेल तिथे’ असंच आहे. पॅकिंगच्या खोक्याला टेप कशी मारायची याची डब्ल्यूआय मी बघितलीय, रिव्हिजन ३! कोण बदलत बसलं होतं देव जाणे. जितके कागद कमी तितका कंट्रोल सोपा.

तुमचं काम जॉब शॉप टाइपचं असेल, म्हणजे आज हा पार्ट उद्या तो, तर मशीनवर कायमचा कागद लावूच नका. जॉब कार्डबरोबर त्या पार्टची डब्ल्यूआय प्रिंट करून द्या, वर जॉब नंबर छापा, तेवढ्याच जॉबपुरती वैध, जॉब क्लोज झाला की कार्डाबरोबर परत आली पाहिजे आणि फाटली पाहिजे. यात जुना कागद राहायला जागाच उरत नाही, फक्त जॉब चालू असताना रिव्हिजन बदलली तर काय, एवढं ठरवून ठेवा.

टॅबलेटबद्दल मालकांना काय सांगायचं? माझा विरोध नाही. असेंब्ली लाइनवर पंधरा-वीस व्हेरियंट असतील, फोटोवरून काम असेल, बदल दर आठवड्याला असतील तर टॅबलेट किंवा स्क्रीन खूप चांगली, पैसे वसूल होतात. पण तुमच्या ड्रिलिंग मशीनवर ऑपरेटरचे हात तेलाचे, शेडमध्ये वायफायचा पत्ता नाही, नाइट शिफ्टला चार्जिंग संपलं की टॅबलेट कपाटात आणि परत झेरॉक्स सुरू. त्याहून मोठी गोष्ट, टॅबलेटवर पीडीएफ डाउनलोड करून ठेवली असेल तर ती प्रिंटइतकीच जुनी होऊ शकते, फक्त चकचकीत दिसते. मधला रस्ता म्हणून प्रिंटवर क्यूआर कोड छापा, तो सर्व्हरवरच्या चालू रिव्हिजनच्या पानावर नेईल, म्हणजे सुपरवायझर राउंडला आला की फोनने स्कॅन करून दोन सेकंदात ताळा करेल. मात्र लिंक डॉक्युमेंट नंबरची असू दे, त्या फाइलची नको, नाहीतर क्यूआरसुद्धा रिव्हिजन २ च उघडेल.

आणि व्हॉट्सॲप. आज सगळ्यात जास्त जुने कागद तिथे आहेत. नवी डब्ल्यूआय आली की कोणीतरी फोटो काढून शिफ्टच्या ग्रुपवर टाकतो, सहा महिन्यांनी नाइटचा ऑपरेटर वर स्क्रोल करून तोच फोटो काढतो. ग्रुप बंद करता येणार नाही, तो नाद सोडा. ग्रुपवर फक्त बातमी टाकायची, ‘ऑपरेशन ३० ची डब्ल्यूआय बदलली, व्हीएमसी ३ वर लावलीय, बघून घ्या’, कागदाचा फोटो टाकायचा नाही.

बातमी म्हटल्यावर ट्रेनिंग आलं. नवा कागद जनरल शिफ्टला लागतो आणि सेकंड, नाइटवाल्यांना कळतच नाही की काही बदललंय, समोर असूनही, कारण रोज दिसणारा कागद कोणी वाचत नाही. बदललेल्या ओळीला बाजूला जाड उभी रेघ मारा आणि तिन्ही शिफ्टच्या ऑपरेटरला मशीनजवळ दोन मिनिटं सांगून सही घ्या. भाषा त्याला समजेल ती. तुमच्याकडे मराठवाड्यातली पोरं असतील आणि बिहार, ओडिशाचीही असतील, तर इंग्रजी डब्ल्यूआय ही ऑडिटरसाठी लावलेली शोभा आहे. आयएटीएफमध्ये तर ८.५.१.२ ला स्पष्टच आहे की काम करणाऱ्याला कळेल अशा भाषेत, वाचता येईल अशी, कामाच्या जागेवर मिळेल अशी हवी. मराठी आणि हिंदी दोन्ही एकाच पानावर बसवा, दोन वेगळे कागद केले की एक बदलतो, दुसरा तसाच राहतो.

तपासायचं कसं? आठवड्यातून एकदा फ्लोअरवरचे कुठलेही पाच कागद घ्या आणि मास्टर लिस्टशी जुळवा. मग उलटं, लिस्टमधल्या पाच ओळी घ्या आणि ते कागद सांगितलेल्या जागी आहेत का बघा. दोन्ही दिशा लागतात. पहिल्यात लिस्टमध्ये नसलेला भटका कागद सापडतो, दुसऱ्यात गायब झालेला. बरेच जण फक्त दुसरी करतात, म्हणून सेटरच्या डायरीत आणि टूल कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेली झेरॉक्स कधीच सापडत नाही.

आता एनसीचं उत्तर, कारण तारीख जवळ आली असेल. ‘ऑपरेटरचा निष्काळजीपणा, समज दिली’ असं कृपा करून लिहू नका. कागद बदलला हे करेक्शन झालं, म्हणजे सापडलेली चूक तेवढी दुरुस्त केली. त्यानंतर सगळ्या मशीनवरचे कागद तपासले आणि किती जुने निघाले ते खरं लिहा, ९००१ च्या १०.२ मध्ये असंच अजून कुठे आहे का बघायला सांगितलंच आहे. आणि सगळ्यात महत्त्वाचं, जे बहुतेक जण विसरतात: रिव्हिजन २ आणि ४ मध्ये नक्की काय बदललं होतं, आणि त्या काळात त्या मशीनवरून गेलेल्या मालावर त्याचा परिणाम झाला का? फक्त फॉरमॅट बदलला असेल तर एका ओळीत लिहून मोकळे व्हा. ड्रिलचा स्पीड किंवा तपासणीची वारंवारता बदलली असेल तर इन्स्पेक्शन रेकॉर्ड काढून बघावे लागतील. हे स्वतःहून लिहिलंत की ऑडिटर पुढे फारसं खणत नाही. रूट कॉजमध्ये ‘प्रिंट कुठे लावल्यात याची नोंद नव्हती आणि जुनी परत घ्यायची पद्धत नव्हती’ हे लिहा, मग वरचं सगळं करेक्टिव्ह ॲक्शन (चूक परत होऊ नये यासाठीचा उपाय) म्हणून सरळ बसतं.

कस्टमर ड्रॉइंगची गोष्ट थोडक्यात. नवी रिव्हिजन कस्टमरच्या मेलवर येते आणि मेल मार्केटिंगवाल्याच्या इनबॉक्समध्ये पडून राहतो, हा जुन्या कागदाचा सगळ्यात वरचा उगम आहे. आयएटीएफमध्ये असा बदल मिळाल्यापासून १० वर्किंग डेजमध्ये रिव्ह्यू झाला पाहिजे असं आहे. तुम्हाला ते लागू नसलं तरी एक कॉमन मेल आयडी करून घ्या. बाहेर प्लेटिंगला किंवा हीट ट्रीटमेंटला ड्रॉइंग देत असाल तर त्या वेंडरचं नावही मास्टर लिस्टच्या ‘कुठे’ कॉलममध्ये यायला हवं.

राहिला जुन्या रिव्हिजनचा प्रश्न. ९००१ वर्षं सांगत नाही, ती तुम्ही ठरवायची. कस्टमरशी झालेल्या करारात काही लिहिलं असेल तर ते आधी. आयएटीएफमध्ये पीपीएपी (कस्टमरकडून पार्टला मंजुरी घेतल्याची कागदपत्रं), टूलिंग, प्रोसेस डिझाइन अशा रेकॉर्डसाठी पार्ट प्रॉडक्शनला आणि सर्व्हिसला चालू असेपर्यंत अधिक एक कॅलेंडर वर्ष असा नियम आहे, मी डब्ल्यूआयच्या जुन्या रिव्हिजनलाही तोच लावतो, कारण उद्या फील्डमधून तक्रार आली तर त्या तारखेला कुठल्या डब्ल्यूआयवर माल निघाला हे दाखवता आलं पाहिजे. त्यासाठी कागद ठेवायची गरज नाही, सर्व्हरवर वेगळ्या फोल्डरमध्ये पीडीएफ, प्रत्येक पानावर आडवा मोठा ‘ऑब्सोलीट’ (बाद झालेला), आणि त्या फोल्डरला प्रॉडक्शनच्या लॉगिनवरून प्रवेश बंद. स्टॅम्पची ऑर्डर कन्सल्टंटने दिलीच असेल तर येऊ दे, व्हीएमसीवरच्या नव्या प्रिंटवर मारून टाका, त्याने नुकसान काही नाही. मात्र ‘कुठे लावलीय’ हा कॉलम स्टॅम्प यायच्या आधी भरून घ्या.